माझ्या मरणाची खबर आणि फाटकातला फोटो

अमरावती, रविवार

ती. माणिकताईस,

गोवर्धनचा दंडवत. मी जिवंत आहे. पत्राची सुरुवात अशी करू नये हे कळतं, पण गेल्या मंगळवारनंतर माझ्याकडे सांगण्यासारखं क्षेमकुशल एवढंच उरलं आहे. तुझे गुडघे कसे आहेत? अकोल्याचा पारा यंदा आमच्यापेक्षा वर आहे असं वाचलं, तेव्हा भर उन्हात गच्चीवर कुरड्या घालायला चढू नकोस. (चढशीलच. तू कोणाचं ऐकलं आहेस?) माझा आणि गीतांजलीचा, दोघांचेही नंबर तू बंद करून ठेवलेस, म्हणून हे पोस्टाने पाठवतो आहे.

सगळं त्या कॅमेऱ्यामुळे झालं असं तू म्हणशील, आणि ते खोटं नाही. भातकुलीच्या पंचायत समितीतून निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, मी कॅमेरा घेतला. रोज सकाळी भाजीबाजारात जातो. मेथीच्या जुड्या बांधणारे हात, हमालाची पाठ, कधी बडनेऱ्याच्या फलाटावर पेपर पांघरून झोपलेला एखादा. लोक विचारतात, अतिक्रमणवाले का? एकाने पासपोर्ट फोटोचा भाव विचारला. गीतांजली म्हणते, घरच्या बायकोचा एक फोटो नाही आणि परक्या म्हशीचे चाळीस. (म्हैस हलत नाही. गीतांजली हलते.) तर त्या मंगळवारी सडक्या टमाट्यांच्या ढिगावर कावळे उतरले होते, मी उकिडवा बसून त्यांचा फोटो घेत होतो, आणि त्यातला एक येऊन माझ्या डोक्यावर बसला. नुसता शिवला नाही, चांगला पाय रोवून बसला. भाजीवाल्या बायांनी हातातले तराजू खाली ठेवले. एकीने तर मी न विचारताच मला घरी जायला सांगितलं.

पुढचं तुला सांगायला नको, तूच लहानपणी मला शिकवलं आहेस. कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर जवळच्या नातलगाला धाडायची, त्याने खरं समजून रडायचं, म्हणजे मरण टळतं. आणि लगेच दुसरी खबर द्यायची की बाबा, तो आहे. शेजारच्या पार्वताबाईंनी हे फर्मान सोडलं आणि गीतांजलीने डोळ्याला पदर लावला. प्रश्न एवढाच होता की रडणार कोण. आमचा गोपाल पुण्यात, त्याने आधी माझं व्हॉट्सॲप तपासलं असतं. पार्वताबाई म्हणाल्या, बहिणीचं रडणं सगळ्यात लागू पडतं. मी म्हणालो, माझी बहीण माझ्यासाठी रडणार नाही.

का रडणार नाही, ते कागदावर एकदा लिहूनच टाकतो. चार वर्षांपूर्वी वामनराव भाऊजी गेले तेव्हा तू दाराच्या चौकटीला धरून जो टाहो फोडलास, तो मी टिपला. भाऊ म्हणून तुला धरायला जायचं होतं. मी उजेड पाहत राहिलो. तो फोटो प्रदर्शनात लावला, खाली 'वियोग' असं लिहिलं, आणि त्याला पहिलं बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तुझ्या लेकीच्या सासरच्यांनी तो पाहिला आणि तुला फोन करून माझं अभिनंदन केलं. तेव्हापासून तुझी राखी आली नाही. घड्याळ मी कधी भिंतीवर लावलं नाही, पण ताई, परतही केलं नाही.

म्हणून कुंदनने (पार्वताबाईंचा मोठा मुलगा, आवाज मुळातच रडका) तुला फोन लावला तेव्हा मी शेजारी उभा होतो. खरं सांगतो, मरण टळावं ही इच्छा होतीच, पण तू रडतेस का हेही मला पाहायचं होतं. तू ऐकलंस आणि फोन ठेवलास. दहा मिनिटांनी दुसरी खबर द्यायला लावला तर तो बंद. तुझ्या बंडूचा नंबर मिळवेपर्यंत तो तुला घेऊन गाडी चालवत होता, त्याने उचलला नाही. (मयत कधी उचलायची हे विचारायला फोन येतोय असं त्याला वाटलं म्हणे.) मग अडीच तास आम्ही सगळे घरात बसून होतो. पार्वताबाईंनी मला मागच्या खोलीत लपायला सांगितलं. मला ते पटलं नाही. तुला फाटकातच गाठून आधी पाया पडायचं ठरवून मी बाहेर उभा राहिलो.

गाडी थांबली. तू उतरलीस. एका पायात चप्पल नव्हती. कडुनिंबाखाली चट्ट्यापट्ट्याचं ऊन होतं आणि तू "माह्या गोवर्ध्या रे" म्हणत फाटकाकडे धावलीस. मी तुझा भाऊ, मी जिवंत, आणि माझ्या गळ्यात कॅमेरा. हात कधी वर गेला मला कळलं नाही. खटक्याचा आवाज झाला तेव्हाच कळलं.

तू तिथल्या तिथे थांबलीस. रडणंही थांबलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "आता तू खराच मेला तरी मी येनार नाई. खोटी खबर हाये असंच समजीन." पाणी न घेता गाडीत बसलीस. बंडूने मूर्तिजापुरात घेतलेला हार कुठे ठेवायचा म्हणून विचारलं. मग त्याने तो फाटकाच्या खांबाला अडकवला. येणारे जाणारे अजून चौकशी करतात.

मी चुकलो, ताई. दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा तू रडत होतीस. तो फोटो मी गीतांजलीसमोर कॅमेऱ्यातून पुसून टाकला. कॅमेरा कपाटात ठेवला आहे, आज पाचवा दिवस, बाजारात गेलो नाही. तुझा राग मोठा आहे, तो तुझ्याजवळ राहू दे. मी मागत काही नाही.

तुझा धाकटा,
गोवर्धन

ता. क. मागत नाही म्हणालो, पण एक मागतो. मी जाईन तेव्हा खबर बंडूच्या फोनवर येईल आणि गीतांजली स्वतः बोलेल. तिचं तेवढं खरं मान.

ता. क. दुसरा. कॅमेऱ्यातून पुसला हे खरं आहे. पण त्याआधी मी त्याची प्रत काढून घेतली होती. फोटो चांगला नाही, पार हलला आहे, बक्षिसाच्या लायकीचा तर मुळीच नाही. इतकी वर्षं परक्यांचे चेहरे गोळा केले, त्यात माझ्यासाठी रडणारा हा एकच आहे. कोणाला दाखवणार नाही. ठेवू का? नको म्हणायचं असेल तरी चालेल, पण तसं फोन करून सांग.