डोळे पिवळे दिसले तर

कळंब, ११ जून १९६२

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी बसवराजचे शरणार्थ. वि. वि.

आज सुखरूप पोचलो. एसटी येडशीला बिघडली, म्हणून शाळेत तासभर उशिरा गेलो आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली.

आता अक्काच्या औषधाचं. सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी नवी आहे, आपल्याकडं येऊन चार-पाच वर्षंच झालीत. तिनं अक्काच्या कानातले आवाज थांबतील, झोप लागेल. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणावर. गोळी घेतल्यावर तिला एकदम उठू देऊ नका, भोवळ येते. वाळवण राखायला उन्हात बसवू नका, कातडी भाजते. तोंडाला कोरड पडेल, अंग जड होईल, त्याला भिऊ नका.

हात जोडून एकच सांगणं आहे. काही झालं तरी एक दिवसही चुकवू नका. अव्वा आपली आईच, पण तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. अक्काला एक ठसका लागला म्हणून तिनं वैद्याचं चूर्ण तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर फेकलं होतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या बाकीच्या बारीकसारीक गोष्टी मी लिहीत नाही. त्या माझ्या ध्यानात आहेत. तुम्ही फक्त गोळी द्या.

शांतलिंग दाजींनी अक्काला माहेरी आणून सोडल्याला दोन वर्षं झाली. सात वर्षांची महादेवी आईशिवाय वाढतेय. पोरीसाठी तरी हे जमलंच पाहिजे.

अव्वाला शरणार्थ. माझ्यावर माया असू द्यावी.

आपला,
बसवराज

मुरूम, १ जुलै १९६२

चि. बसवराज मास्तर यास अण्णाचा आशीर्वाद. (मास्तर म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.)

अरे, शांतम्मा माणसात आली! परवा आपल्या हातानं गव्हाची गोड हुग्गी केली, ताट वाढलं आणि मला विचारलं की दुकानात गुळाचा भाव काय चाललाय. दुकानात जाऊन पोत्यावर बसून रडलो बघ. गिऱ्हाईक मिरची तोलून घ्यायला उभं होतं, ते बिचारं तसंच परत गेलं.

आवाज येत नाहीत म्हणते. दिवसा जरा पेंगते, बोलणं संथ झालंय, चालताना हात हलवत नाही. पण ओरडणं नाही, दार बडवणं नाही. दाजी आळंदहून बाजाराला आले होते, पाहून गेले. पंचमीला महादेवीला घेऊन येतो आणि शांतम्माला संगं नेतो म्हणाले. तेव्हापासून ही दिवस मोजतेय. पोरीसाठी परकरसुद्धा शिवायला घेतलाय.

गोळी मी स्वतः देतो. अव्वा कुरकुरते, मी ऐकत नाही. तुझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. खुशाली कळवत जा.

तुझा,
धोंडप्पाअण्णा

मुरूम, १८ जुलै १९६२

चि. बसवराज यास अण्णाचा आशीर्वाद.

फिकीर करू नको, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. शांतम्माला कावीळ झाली. यंदा पावसात गावात घराआड एकाला आहे, तेव्हा नवल नाही. डोळे हळदीसारखे झालेत, अंगाला खाज सुटलीय, अन्न जात नाही. अव्वानं बंडप्पा वैदूला बोलावून तिच्या गळ्यात काविळीची माळ घातली. माळ रोज थोडी खाली उतरतेय, पोटापर्यंत आली की कावीळ गेली म्हणतो. तेल, हळद, तिखट बंद. नुसतं ताक-भाकरी.

अव्वा म्हणाली, एवढं पथ्य चाललंय तर ती विलायती गोळीही बंद ठेवू. मी तिला असं झापलं की दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज आठ दिवस झाले, एक गोळी चुकली नाही. भाकरीचा घास गिळवत नाही, तरी गोळी गिळते बिचारी. आता शाबासकी दे मला.

तुझा,
अण्णा

कळंब, २१ जुलै १९६२

तीर्थस्वरूप अण्णांस शरणार्थ.

गोळी ताबडतोब बंद करा अशी तार केलीय, ती मिळाली असेल. तारेत जे मावलं नाही आणि समोर आल्यावर तोंडातून निघणार नाही, ते इथं लिहितो.

अण्णा, शाबासकी कसली मागता, मला जोड्यानं मारा. डॉक्टरांनी दारापर्यंत येऊन बजावलं होतं की शेकड्यात एखाद्याला या गोळीनंच कावीळ होते. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी गोळी थांबवा आणि तिला घेऊन या, असं ते म्हणाले होते. मी हे विसरलो नव्हतो. लिहायला बसलो आणि मुद्दाम गाळलं. अव्वाच्या कानावर कावीळ शब्द गेला तर गोळ्या पहिल्याच दिवशी चुलीत जातील, ही भीती. वाटलं, मी लक्ष ठेवीन. कळंबात बसून काय डोंबलाचं लक्ष ठेवणार होतो!

अव्वा बरोबर होती, आणि माझ्या शब्दाखातर तुम्ही तिला गप्प केलंत. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघतो. अक्काला सोलापूरला नेऊ.

आपला अपराधी,
बसवराज

मुरूम, २ सप्टेंबर १९६२

चि. बसवराज यास आशीर्वाद.

सोलापूरहून आल्यावर कावीळ उतरत गेली, आता डोळे निर्मळ आहेत. तेवढं चांगलं झालं.

बाकीचं आजवर लिहवलं नाही. पंचमीला दाजी पोरीला घेऊन आले. गोळी बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. शांतम्माला ते आवाज पुन्हा यायला लागले होते आणि त्या दिवशी ते महादेवीच्या तोंडून येताहेत असं तिला वाटलं. तिनं पोरीचं तोंड दाबून धरलं. सोडवायला आम्ही दोघं लागलो. पोरगी बचावली, पण दाजींनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. आता न्यायला येणार नाही, असा निरोप आलाय.

यकृत सुधारल्यावर दुसरी गोळी थोडी-थोडी देऊन पाहू, असं डॉक्टर म्हणाले होते. अव्वा ऐकायला तयार नाही आणि मीही नाही. रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? रागावलोय. खरं सांगितलं असतंस तर अव्वाला मी समजावलं असतं. दुकान चालवतो बाबा, माणसं मलाही कळतात.

पत्र टाकत जा. सल्ला नको.

अण्णा

मुरूम, पाडवा, २९ ऑक्टोबर १९६२

माझ्या चि. बसवराजास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

चार दिवस डोकं ठिकाणावर आहे, तेवढ्यात लिहून घेते. चौथीपर्यंतच शिकलेय, अक्षराला हसू नकोस. पत्र शेजारच्या नागम्माच्या हातून टाकते.

तुझी पत्रं अण्णा गल्ल्यात ठेवतो, ती मी काढून वाचली. सगळी माझ्याबद्दल आहेत, मला एकही नाही. तू अव्वाला भ्यालास, अण्णानं अव्वाला झापलं, आणि मला कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. अरे, त्या महिन्यात मी शहाणी होते ना! गोळी तर मीच गिळत होते.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. अव्वाला दिसायच्या आधी तीन दिवस मला आरशात डोळे पिवळे दिसले होते. काजळ जरा जास्त घातलं आणि गप्प बसले. आजारी दिसले तर हे न्यायला येणार नाहीत, ही धास्ती. गोळीनं असं होतं हे ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं. तेव्हा सगळा दोष आपल्या डोक्यावर घेऊ नकोस, अर्धा माझा आहे. पण तू लिहिलं असतंस तर माझा अर्धा झालाच नसता, हेही खरं.

वेडीला काही आठवत नाही असं लोकांना वाटतं. मला सगळं आठवतं. महादेवीचे दात माझ्या तळव्याला लागले, तेही आठवतं.

मला ती दुसरी गोळी घ्यायची आहे. अण्णाला मी मनवीन. तू सोलापूरला जा. तिनं काय बरं होतं, काय बिघडतं, कुणी मेलंय का, सगळं विचार आणि सगळं लिही. मला भीती वाटेल म्हणून काही गाळू नकोस. पाकिटावर माझं नाव घाल.

आपल्यात लोभ आहे तो कुठं जात नाही. पण उत्तर जल्दी दे बाबा, ते येईपर्यंत मी शहाणी असेन याचा भरवसा नाही.

तुझी,
शांतक्का