बागेतला ऱ्हस्व-दीर्घ

सोमवार, ३ तारीख. सकाळी ७.
बी.पी. १६०. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवत नाही, रोज तासभर झाडांत बसा, मन शांत होतं. मी अशांत आहे हे त्यांना सांगितलं कोणी? हिनंच! लेक सहा दिवस माझ्याशी बोलत नाही, त्याचंही खापर माझ्यावर. माझ्या वाढदिवसाला तिनं हातानं कार्ड केलं: 'बाबा, तुम्ही मला खुप आवडता.' मी प्रूफरीडर माणूस. लाल पेनानं 'खु'चा 'खू' केला. बाकी छान आहे, असंही म्हणालो. तर रडारड.
संकल्प: उद्यापासून बाग. रविवारपर्यंत लेक बोलती झाली पाहिजे.

मंगळवार, ४.
गेलो. झाडं बरी आहेत. पण बोर्ड! 'फुले तोडु नये.' तळपायाची आग मस्तकात गेली. 'तोडू नयेत' पाहिजे, हे माळ्याला शांतपणे सांगितलं. ही म्हणते, घरापर्यंत ऐकू आलं. काहीतरीच!

बुधवार, ५.
त्या बोर्डाकडे पाठ केली. समोर दुसरा: 'झाडाखाली बसुन मन प्रसन्न करा.' बसुन! काय कपाळ प्रसन्न करणार?

गुरुवार, ६.
डोळे मिटून बसलो. तरी 'बसुन' दिसतंय.

शुक्रवार, ७.
दांडी. ऑफिसचं काम. आणि माळी टक लावून बघतो.

शनिवार, ८.
राग पूर्ण गेला. बी.पी. मोजलं नाही, गरजच काय? उद्या लेकीला बागेत नेणार. ही म्हणाली, पेन घरी ठेवून जा. ठेवणारच! मी काय वेडा आहे?

रविवार, ९. संध्याकाळ.
लेक आली. बोलली नाही, पण माझा हात धरला. अर्धा तास इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग खिशात पेन लागलं. शर्ट कालचाच होता, त्यात माझा काय दोष? एक उकार, दोन सेकंदांचं काम. माळी धावत आला. बोर्ड त्यानं स्वतः रंगवला होता म्हणे. मग रंगवायच्या आधी विचारायचं ना कोणाला! माझा आवाज थोडा चढला असेल. लेकीनं हात सोडवून घेतला आणि त्याला सॉरी म्हणाली. माळ्याला! बापाशी बारा दिवस अबोला, आणि परक्या माणसाला सॉरी!

सोमवार, १०. सकाळी ७.
फ्रिजवर चिठ्ठी. लेकीचं अक्षर. 'बाबा, मला तुमचा खूप राग आला आहे. मी पुन्हा तुमच्यासोबत बागेत येणार नाही.'
पेन हातात घेऊन दोनदा वाचली. 'खू' दीर्घ. चूक एकही नाही.