सांगायचं ते तिनंच

२१ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय चिंगे,

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सगळं ठीक’ असं लिहायचं असतं, ते लिहिलं असं समज. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे तिची कुरकुर वाढली आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. नव्या मुलींची तुकडी प्रशिक्षणाला आली आहे. त्यातल्या एकीनं परवा ऑक्सिजनचा मुखवटा उलटा चढवला आणि वर मलाच विचारलं, “मॅडम, आता श्वास कुठून घ्यायचा?” तू असतीस तर हसून लोळली असतीस.

फोन तू उचलत नाहीस, ते बरंच आहे. उचलला असतास तर मी बोलले असते, आणि मी बोलायला लागले की काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कागदावर निदान टाळ्या पडत नाहीत.

तुझे मास्तर इथेच आहेत. तू घराबाहेर काढल्यापासून आमच्या पुढच्या खोलीत सोफ्यावर झोपतात. पाय बाहेर येतात, पण तक्रार नाही. सकाळी चादरीची घडी अशी घालतात, की रात्री तिथे कुणी झोपलंच नव्हतं असं वाटावं. शाळेतून येतात, वह्या तपासतात, आईला पेपर वाचून दाखवतात. काल ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, “ताई, तिला वाटतंय कंपनीत मीच कळवलं. मी नाही हो कळवलं. तुम्ही तरी सांगा तिला, ती तुमचं ऐकते.”

आई आतून म्हणाली, “हिचं सगळेच ऐकतात. ही कुणाचं ऐकते ते सांगा.”

मी “बघते” म्हणाले आणि आमटी वाढली. चिंगे, भर सभेत कंपनीच्या मालकाला निरुत्तर करणारी तुझी बहीण एका शाळामास्तरापुढे पळी हातात घेऊन गप्प उभी होती.

गेल्या महिन्यातली इथली दुपार आठवते ना? तू कॉफीचा कप दूर सारलास आणि आईनं तुझ्याकडे एकदाच बघितलं. “कितवा?” एवढंच विचारलं तिनं. तू म्हणालीस, “तिसरा. आणि खबरदार कुणी बाहेर बोललं तर. युनिफॉर्मचा कोट पाचव्यापर्यंत झाकतो.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तोंडातून निघालं ते भलतंच. तुला उत्तर ध्रुवावरून जाणारा लांबचा मार्ग नुकताच मिळाला होता, पर्सर म्हणून. अख्ख्या केबिनची जबाबदारी तुझ्याकडे. आणि मी तुला, वीस वर्षं त्याच आकाशात काढलेल्या बाईनं, शाळेतल्या पोरीसारखं शिकवायला सुरुवात केली. अवकाशातून येणारे किरण खाली हवेच्या जाड थरात अडतात. आपण त्या थराच्या वर चढून काम करतो. ध्रुवाकडे पृथ्वीचं चुंबकीय कवचही पातळ होतं. आपल्याला किरण मोजणारा बिल्ला नाही, शिशाचा झगा नाही, असता तरी त्या किरणांपुढे त्याचा उपयोग नाही.

तू म्हणालीस, “एक्स-रे काढणारी बाई बटण दाबायच्या आधी भिंतीमागे पळते. आपण कुठे पळायचं, ताई? संडासात?”

आई हसली. मी नाही हसले. मी आवाज चढवला. पोटातल्या जिवाला मत नसतं, त्याच्या वतीनं कुणीतरी उभं राहिलं पाहिजे, वगैरे. तू आईला म्हणालीस, “सभा सुरू झाली. आई, खुर्च्या मांड.”

मग तू खालच्या आवाजात जे सांगितलंस, ते मी तेव्हा ऐकलंच नाही. ते आता रोज ऐकू येतं. “आधीच्या दोन्ही वेळी मी पहिल्याच आठवड्यात कळवलं होतं. खाली उतरले, ऑफिसात टेबलकाम केलं. तरी दोन्ही बाळं गेलीच. अभिनंदनाला जेवढे आले होते, तेवढेच सांत्वनाला आले. तेच चेहरे, ताई. या वेळी नको. या वेळी माझं मला ठरवू दे, कधी सांगायचं ते.”

यावर मी काय म्हणाले? “नियम आहे.”

तो नियम मी आणला, हे तू कधी उगाळलं नाहीस. कंपनीच्या दारात संघटनेच्या धरण्याला आम्ही उन्हात बसलो होतो, तेव्हा तूही होतीस, नवी, घाबरलेली, माझ्या मागे लपलेली. दिवस गेलेल्या बाईनं कळवताच तिला जमिनीवरचं काम मिळालं पाहिजे, नोकरी जाता कामा नये. आजही मला तो नियम बरोबर वाटतो. त्याआधी बायका पट्टा आवळून सातव्या महिन्यापर्यंत उडायच्या, नाहीतर घरी बसायच्या. पण त्याच सभेत जुळ्यांची आई असलेली एक जण उठून म्हणाली होती, “खाली उतरायचा जिना बांधलात, वर यायचा कुठाय?” मी म्हणाले होते, “बाई, आधी बाळं मोठी करा, मग जिने चढा.” सगळा हॉल हसला. ती बसली. ती पुन्हा कधी लांबच्या मार्गावर गेली नाही. उतरून आई झालेल्यांपैकी कुणीच गेली नाही. जागा भरलेल्या असतात. तू मला त्या दुपारी म्हणालीस, “आई होऊन परत गेलेली एक तरी दाखव.” मी भांडी आवरायला उठले.

इथवर लिहून उठले होते. गच्चीवरचे कपडे आणले, मास्तरांचा शर्टही होता त्यात. आता परत बसले आहे. पुढचं सरळ लिहिते.

तुझी फेरी ज्या दिवशी होती, त्याच्या आदल्या सकाळी आमच्या ऑफिसात सूचना आली. सूर्यावर स्फोट होताहेत, एक-दोन दिवसांत किरणांचं वादळ येऊ शकतं, ध्रुवाकडच्या मार्गांवर लक्ष ठेवा. अशा सूचना वर्षातून कितीतरी येतात. बहुतेक विरून जातात, हे मला पाठ आहे, मीच नव्या मुलींना शिकवते. तरी तुला फोन केला. तू कापलास. परत केला. परत कापलास. मास्तरांना केला, ते वर्गात होते. मला तेव्हा तुझ्या घरी येता आलं असतं. दोन बस बदलून दारात उभं राहता आलं असतं. “चिंगे, या एका फेरीला आजारी पड, पाया पडते,” एवढं म्हणता आलं असतं. पण दारात उभं राहून विनवणी करायची मला सवय नाही. मला ठराव करायची सवय आहे.

मी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

त्यांनी विचारलं, “हे तिनं स्वतः सांगितलंय?”

मी म्हणाले, “मी सांगतेय. माझं नाव पुरे नाही का?”

माझं नाव पुरलं.

मास्तरांनी नाही, चिंगे. मी.

मला वाटलं होतं, त्या तुला घरी फोन करतील, बाजूला घेऊन बोलतील. यादी बदलायला उशीर झाला आणि निरोप थेट क्रूच्या बसमध्ये गेला. तुझी बॅग वर चढली होती. तुला नावानं हाक मारून उतरवलं, आणि बदलीची मुलगी तुझ्याच जागेवर बसली. बसमधल्या प्रत्येकाला कारण कळलं. कुणीतरी टाळीही वाजवली म्हणे, कौतुकानं. तुला जे नको होतं नेमकं तेच, आणि सगळ्यांसमोर.

आणि वादळ आलंच नाही. ते दुसरीकडे सरकलं. शिवाय विमान कॅप्टननं सूचना वाचूनच ध्रुवापासून दूरच्या मार्गानं आणि कमी उंचीवरून नेलं. त्यासाठी कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. तू त्या विमानात असतीस, तरी नेहमीपेक्षा कमीच किरण अंगावर घेऊन उतरली असतीस. हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर कळलं. तेव्हाच तुला फोन करून सगळं सांगायला हवं होतं. तोवर तू मास्तरांना बाहेर काढलं होतंस, आणि मला, खरं सांगते, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग ते पिशवी घेऊन आमच्याच दारात आले.

त्या नियमात एक ओळ आहे. कंपनीला ती नको होती. त्यांना हवं होतं, की सहकारी, वरिष्ठ, कुणीही कळवावं. मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते, बाईचं शरीर म्हणजे कंपनीची सूचनापेटी नाही. सांगायचं ते तिनंच. बाकी सगळ्या मागण्यांवर आम्ही थोडं थोडं मागे सरलो, त्या एका ओळीवर नाही. ती पहिल्यांदा मोडली, आणि मोडणारी मी निघाले.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन लिहून दिलं. ही माहिती तिच्या संमतीशिवाय मी दिली, म्हणून ती माहितीच नाही. त्या चिडल्या. “तुमच्या भरवशावर मी सही केली,” म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. संघटनेचं पदही सोडलं. तिथे एक जण म्हणाला, “भावनेच्या भरात झालं, इतकं काय मनाला लावून घेता?” मी कपाटाच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या.

येत्या सोमवारपासून तुझं नाव परत यादीत आहे. त्याच मार्गावर, पर्सर म्हणून. लोकांना कळलेलं मात्र मला परत घेता येत नाही. ते कुणालाच येणार नाही.

आता जे लिहिते ते शिकवणं नाही, हवं तर वाच. एका फेरीचा डोस लहान असतो. छातीच्या काही एक्स-रेंएवढा, अधिक नाही. त्यानं काही होईलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि आधीची दोन बाळं त्यानं गेली असं तर कुणीच नाही. तू तसं मनात धरलं असशील, तर ते माझ्या भाषणांमुळे, आणि ते खोटं आहे. पण फेऱ्या साचत जातात. याच मार्गावर सतत राहिलीस तर बाळासाठी घातलेली मर्यादा तू खाली उतरायच्या आत ओलांडशील. जवळच्या, कमी उंचीच्या उड्डाणांवर डोस खूपच कमी मिळतो, आणि तसा बदल कारण न देता मागता येतो. मागायचा की नाही, उडायचं की नाही, कुणाला कधी सांगायचं, यातलं काहीही मी विचारणार नाही.

मास्तरांना घरी बोलाव. त्यांना अजून माहीत नाही. मी आज जेवताना सांगणार होते, पण त्यांच्या आधी तुला कळावं असं वाटलं. त्यांनी मला रागावून बोलावं अशी माझी इच्छा आहे. ते बोलणार नाहीत, हेच अवघड आहे.

मला बोलावू नकोस. माफीही मी मागत नाही, कारण मागितली की तू द्यायचा विचार करत बसशील, आणि सध्या तुझ्यावर तेवढंही ओझं नको. पुढेमागे कधी वाटलं, तर मावशी म्हणून हाक मारायला त्या जिवाला शिकव.

तोवर, नुसती तुझी,
ताई