टायवाल्याने भरलेलं ऑइल

रविवार, ता. १४
सकाळ, चहा समोर गार झालेला

प्रिय बाईसाहेब,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे. तू बहिणीकडे माझ्याहून बरी असणार, याची खात्री आहे. कुंड्यांना पाणी घातलं. दूध नासलं, त्यात माझा दोष नाही. धाकटीला आशीर्वाद सांग.

आता एक कर. हे पत्र संपेपर्यंत गाडीच्या किल्लीला हात लावू नकोस. काल धाकटीला फोनवर एवढंच सांगितलं. पुढचंही सांगणार होतो, पण ती फोन स्पीकरवर टाकते आणि तिच्या घरात भिंतीसुद्धा हसतात. "भावोजी, या वयात पत्र? बायको रुसून आली की काय माझ्याकडे?" म्हणाली. मी म्हटलं, "तू फक्त किल्ली लपव, बाई."

पत्र घेऊन आलेला माणूस तोच आहे. हो, तुझा सर्व्हिस सेंटरमधला टायवाला. पाकीट म्हणूनच डिंकाने दोनदा चिकटवलंय.

आपल्या गाडीचं ऑइल आजवर मीच बदललं. खाली सतरंजी टाकायची, मी पाठीवर आत सरकायचं, तू वाकून बॅटरी धरायचीस. काळं ऑइल घमेल्यात पडत असायचं आणि मी खालून शाळेतल्या कविता म्हणायचो. पाना मागितला की तू पाना द्यायचीस, ओळ अडली की पुढचा शब्द द्यायचीस. लोक बायकोला घेऊन बागेत जातात. आपली बाग ती होती. निदान मला तसं वाटायचं. तुझी कंबर दुखायची का, हे कधी विचारलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात तू मला न सांगता गाडी कंपनीत नेलीस. कळलं कसं, तर काचेच्या कोपऱ्यातल्या स्टिकरवरून. पुढच्या ऑइलची तारीख, परक्या पुरुषाच्या अक्षरात! अक्षर वळणदार आहे. तेही लागलं.

मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "अहो, तुमचे गुडघे बघा." गुडघ्यांना मध्ये आणायचं कारण नव्हतं. पण पुढचं बोललीस ते जिव्हारी लागलं. "डावीकडून टकटक येते, टकटक येते, म्हणून कितीदा सांगितलं तुम्हाला? तुम्ही म्हणे, ऐक, इंजिन मंदाक्रांता म्हणतंय! तो माणूस शेजारी बसला, सबंध रस्ता गप्प राहून ऐकलं त्याने, आणि म्हणाला, मॅडम, तुमचं बरोबर आहे."

तुमचं बरोबर आहे. हे वाक्य मी तुला कधी म्हटलं होतं, ते आठवत बसलो. शार्दूलविक्रीडितातल्या अख्ख्या कविता आठवल्या. हे मात्र आठवेना.

मग मी त्याला बघायला गेलो होतो. तुला सांगितलं नाही. काचेच्या भिंती, गार हवा, कॉफीचं यंत्र. मान बारीक, टाय रुंद, केस नको तितके. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या आजोबा, बसा." तू मॅडम आणि मी आजोबा! एकाच घरातली माणसं ना आपण?

धाकटीकडे निघायच्या आदल्या दुपारी तू झोपली होतीस. मी गाडीखाली गेलो आणि त्याने भरलेलं ऑइल काढून टाकलं. सगळं. अजून मधासारखं होतं गं, वाया घालवायला हात धजत नव्हता. पण कुणाचं तरी प्रेमपत्र फाडताना जसं वाटेल, तसं बरंही वाटत होतं. त्याचा फिल्टर काढला, माझा लावला, माझं ऑइल भरलं, स्टिकर नखाने खरवडला. सकाळी तू निघालीस तेव्हा फाटकात उभं राहून हात हलवला ना, तो निरोपाचा नव्हता. जिंकलो होतो मी.

काल तो काढलेला फिल्टर फेकायला उचलला, तर त्याच्या तोंडावरची रबरी रिंग जागेवर नाही. घमेल्यात हात घातला, सतरंजी झटकली. नाही. म्हणजे ती इंजिनलाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर त्याच्या नव्या रिंगेसकट आवळला. रिंगेवर रिंग टिकत नाही. कधीतरी सरकते, ऑइल रस्त्यावर सांडतं आणि इंजिन जाम होतं. भर रस्त्यात, मागे ट्रक, आणि गाडीत तू. एरवी फिल्टर लावण्याआधी मी तिथून बोट फिरवतो. त्या दुपारी राहिलं. डोकं त्या टायमध्ये अडकलं होतं.

सर्व्हिसच्या पावतीवरचा नंबर शोधला. शेवटी त्यालाच फोन केला. सगळं सांगितलं, त्याचं ऑइल काढून टाकल्याचंही. वाटलं, हसेल. हसला असता तर बरं झालं असतं, राग धरायला जागा राहिली असती. म्हणाला, "होतं असं, आजोबा. मॅडमना गाडी सुरू करू देऊ नका. उद्या सुट्टीच आहे माझी, जाऊन येतो." सुट्टीच्या दिवशी! इतकं चांगलं असायची काय गरज होती या माणसाला?

मोटारसायकलवर मागे बसा म्हणाला, सोबतच जाऊ. त्याच्या कमरेला धरून तुझ्या दारात उतरू? मी बसने येतोय. दुपारपर्यंत पोहोचेन.

त्याचं काम होऊ दे. चहा दे त्याला. दुसरा कप देऊ नकोस.

परतताना गाडी तूच चालव. मी आलो की काही विचारणार नाही, आधी गाडीच्या आत बघेन. पुढच्या सीटवर तुझी पर्स ठेवलेली असली, तर मुकाट्याने मागचं दार उघडेन. सीट रिकामी असली, तर तुझ्या शेजारी बसेन आणि घर येईपर्यंत तोंड बंद ठेवून नुसतं ऐकेन.

जागा देशील तिथे,
तुझाच