नऊ सह्या गेल्या, त्याची हकिगत

चि. वेदिका हिला नाशिकच्या सिडकोतून मोतीराममामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा, झोप आणि भूक कशी आहे, ते याच क्रमानं कळव. शिबिरात मोबाइल फक्त रविवारी तासभर मिळतो आणि तो तास देवळ्याहून तुझी आईच संपवते, म्हणून हे पत्र. (त्यातली वीस मिनिटं कांद्याच्या भावावर जातात, असं ऐकतो.) आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या मंगळवारी आमच्या बिल्डिंगमध्ये वेगळीच बातमी पसरली होती.

झालं असं. नॅशनल जिंकल्यावर पंधराही जणींच्या सह्या घेऊन तू पाठवलेला पांढरा खो-खोचा शर्ट मी फ्रेम करून पुढच्या खोलीत, गॅलरीच्या दारासमोर लावला होता. आलेल्या माणसाला आधी शर्ट दाखवायचा, मग पाणी विचारायचं, असा आमच्या घरचा नियमच झाला होता. (मामीला तो मान्य नव्हता.) तर चैत्र संपता संपता मामीचे भाऊ कोंडाजी आले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, "दाजी, शर्ट झकास आहे. पण सह्या कुठंयत?" मी जवळ जाऊन बघितलं. लाल शाईच्या दोन्ही पार उडालेल्या आणि निळ्या अशा, की दुधात पाणी घातल्यावर दूध जितकं उरतं तितक्याच. मोजल्या. पंधरातल्या नऊ गेल्या होत्या. वेदिका, तुला हसू येईल, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तसाच उठून फ्रेमवाल्या दीपककडे गेलो. तो म्हणाला, "काका, पश्चिमेचं ऊन रोज तीन-तीन तास अंगावर. शाई टिकणार कशी? साधी काच ऊन अडवत नाही." शाई खाणारे किरण अडवणारी वेगळी काच असते म्हणे, ती मागवायला दहा दिवस लागणार होते. "तोवर अंधारात ठेवा," एवढंच त्यानं सांगितलं. आता अंधारात म्हणजे कपाटात, असं त्याला म्हणायचं होतं. पण कपाटातला शर्ट लोकांना दाखवायचा कसा? म्हणून मी घरच अंधारात ठेवलं. आधी दोन दिवस ऊन कुठून कुठवर येतं, ते फरशीवर खडूनं आखून काढलं. (मामीनं सकाळी पुसलं, मी दुपारी पुन्हा आखलं.) मग गॅलरीच्या दाराला देवळ्याची घोंगडी ठोकली, खिडक्यांना चादरी लावल्या, ट्यूबलाइट बंद केली आणि शर्टावर माझं लग्नातलं पांढरं उपरणं पांघरलं. मामीनं एवढंच विचारलं, "आता आपण चाचपडत जेवायचं का?"

मंगळवारी तळमजल्याच्या भिमामावशी आमचा तवा परत द्यायला आल्या. दारातून त्यांना दिसलं ते असं : काळोख, भिंतीवर पांढऱ्या कापडाखाली झाकलेली चौकट, तीन दिवसांची दाढी वाढलेला मी, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कांदे चिरताना घळघळा डोळे वाहणारी मामी. मावशी तवा घेऊनच परत गेल्या. अर्ध्या तासात पातेलंभर पिठलं-भात घेऊन आल्या, मागे वरच्या मजल्यावरचे रावजी, आणखी चारपाच जण. मावशींनी माझा हात धरला.

"कधी झालं रे हे?"

मला वाटलं, मामीनं सांगितलं असेल. म्हटलं, "चैत्रापासूनच जायला लागल्या होत्या, मावशी. माझंच लक्ष नव्हतं."

"जायला लागल्या? कितीजणी?"

"पंधरातल्या नऊ गेल्या. आधी लालवाल्या, मग बाकीच्या एकेक."

मावशी खुर्चीत बसल्या. रावजींनी टोपी काढली. "कशानं पण?" त्यांनी हळूच विचारलं.

"उन्हानं," मी म्हटलं. "पुढच्याच खोलीत होत्या, आमच्या डोळ्यांसमोर."

तेवढ्यात मामी हात पुसत आली, एवढी माणसं आणि पिठलं बघून तिला उलगडा झाला, आणि तिनं उपरणं ओढून शर्ट दाखवला. मग जे हसणं सुटलं, ते मावशींना ठसका लागेपर्यंत. पण पिठलं वाया कसं घालवायचं? सगळे तिथंच जेवले. घर अंधारात होतंच, म्हणून मी तुमची फायनल टीव्हीवर लावली. थेटरसारखी दिसली! शेवटच्या मिनिटाला तू खांबापाशी सूर मारलास तेव्हा भिमामावशी भाताचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. रावजी येतानाच फुलवाल्याला सांगून आले होते, तो हार त्याच वेळी पोचला. तुझ्या फोटोला घालणं बरं दिसेना, म्हणून मामीनं तो माझ्या गळ्यात घातला आणि टाळ्या पडल्या.

आता दीपकनं शर्टाचा मोजून तेवढाच फोटो काढून दिलाय. तो पुढच्या खोलीत उन्हात खुशाल बसलाय. खरा शर्ट नव्या काचेत, आतल्या बोळात, जिथं ऊन फिरकत नाही. घोंगडी, चादरी काढल्या, खिडकीतली मामीची तुळस पुन्हा हिरवी झाली, मीही दाढी केली. खूप खेळ, नीट खा. इकडचा सगळा तळमजला तुझ्यावर खूश आहे.

तुझा,
मोतीराममामा

ता. क. : एक सांगायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच पत्र. गेलेल्या नवांत तुझी सही होती. मला ते बघवेना, म्हणून मी पेन घेऊन हलकेच गिरवायला गेलो. पेन सरकलं आणि 'वेदिका'ची 'बेदिका' झाली. शिबिर संपलं की आधी नाशिकला ये आणि पुन्हा सही कर. कुणाला बोलू नकोस.

ता. ता. क. : मी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय. बाळा, उन्हानंही थोडं केलं असेल, पण शर्ट पिशवीतून आला तेव्हा त्याला मैदानाची माती आणि असा घामाचा वास, की मी तो साबणात भिजत घातला. पाणी निळं झालं तेव्हा कळलं. वाळवून, इस्त्री करून गप्प ठेवून दिला. तुझे मामा फ्रेम करून आणताना म्हणाले, "मुलींची अक्षरं किती नाजूक असतात!" मी काय बोलणार? तू येताना दुसरा शर्ट आण. फक्त आधी धू, मग सह्या घे.