कड्यावर सोडलेला हात

शुक्रवार, सायंकाळ. जबल शम्सच्या डोंगरावर, तंबूत.

अक्षर वेडेवाकडे येत आहे. आज ते तसेच राहू द्यावे.

कड्यालगतच्या पायवाटेवर माझा डावा पाय जमिनीला टेकला आहे की नाही, हेच मला कळेना. मधुमेहाने तळवा बधिर होत चालल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. घरात मी कोणासही सांगितले नाही. घराजवळच्या, अल हैलच्या सपाट रस्त्यांवर ते लपून राहिले. येथे मात्र पाऊल डोळ्यांनी पाहिल्यावाचून पुढचे टाकता येईना, आणि पावलाकडे पाहावे तर त्याला लागूनच ती दरी.

"बाबा, खाली नका बघू. यल्ला, चला, समोर बघा," सूनबाई मागून सांगत होती.

नातीचा हात माझ्या हातात होता. मी तिला सांभाळतो आहे, असेच सर्वांना वाटत होते. मी घसरलो असतो तर ती... तो हात मी झटकून सोडला.

"आजोबा, तू रागावला?" तिने विचारले.

"हो," मी म्हणालो. भीतीपेक्षा राग सांगणे सोपे गेले.

आत्ता ती बाहेर तिच्या बाबाला सांगते आहे, "उद्या पण मीच आजोबांचा हात धरणार. प्रॉमिस, मस्ती नाही करणार."

म्हणजे चूक आपलीच झाली, असे तिला वाटते. आणि उद्या पुन्हा तीच वाट.

मुलाला आत बोलावून सर्व सांगावे लागेल. कड्यावर वाटली तितकीच भीती हे सांगण्याचीही वाटते आहे. तरी हाक मारतो.