पन्नाशीच्या उंबरठ्यावर नापास

बाबा, मी नापास झाले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, सांगण्यासारखं बरंच घडलं, पण लिहायला बसले ती ही बातमी घेऊन. श्रूजबरीच्या त्याच घरात बसून मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत बोललं की तुम्ही ऐकूच न आल्यासारखं करायचात. मी तुमच्याच ऑफिसात, तुमच्यासारखीच अमेरिकन सैन्यासाठी खरेदी करते: हातमोजे, बूट, रेनकोट. आता सॉफ्टवेअर खरेदीची टीम माझ्याकडे द्यायचं चाललं आहे, पण त्याचं सर्टिफिकेट मिळवलं तरच. पहिल्या परीक्षेत आपटले. अजून एकदा बसता येईल. तेव्हाही जमलं नाही तर टीम दुसऱ्याकडे जाईल आणि मी पेन्शनपर्यंत बूटच घेत राहीन. ही टीम मला हवी आहे, बाबा. फार हवी आहे.

तुमचं नापास होणं मला लख्ख आठवतं. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते. सरकारने नवीन नियम काढलेला: सैन्यासाठी खरेदी करणाऱ्याने परीक्षा द्यायची, आणि पास झालात तरी सुटका नाही, दर दोन वर्षांनी नवीन काही शिकल्याचं दाखवायचं. तुम्ही पुण्याचे इंजिनिअर, हातमोज्यांत मुरलेले. "मला काय शिकवणार हे?" म्हणत गेलात. पेपरात हातमोज्याची मागणी लिहायची होती. तुम्ही चामड्याची जाडी लिहिलीत, टाके लिहिलेत, दोऱ्याचा रंगही सोडला नाहीत. तो घालून सैनिकाला काय करता आलं पाहिजे, याबद्दल मात्र एक ओळ नाही. कसा शिवायचा ते बनवणारा बघेल, तुम्ही सैनिकाचं बोला, असं परीक्षेच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि तुम्ही घरी येऊन फुगून बसलात.

त्या शनिवारी आपल्याकडे जेवायला मंडळी आली आहेत. वूस्टरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर काका विचारतात, "काय, एक्झॅम कशी गेली?" आई घाईघाईने म्हणते, "पेपर फार लाँग होता हो." आणि तुम्ही श्रीखंड वाढता वाढता शांतपणे म्हणता, "नापास झालो." "सोड ना यार," काका म्हणतात, "या वयात कसली एक्झॅम देतोस! रिटायर हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही त्यांना आग्रह करून आणखी एक पुरी वाढलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सैन्याचे जुने हातमोजे घालून ड्राइव्हवेवर बर्फात उभे होतात आणि खाण्याचं एक पाकीट उघडायला धडपडत होतात. दातांनी ओढलंत, तरी फाटेना. मग ते हातमोजे आईच्या हातात चढवलेत. तिने स्वयंपाकघरात चहाचा डबा उघडायचा प्रयत्न केला आणि वैतागून म्हणाली, "यात माझ्याने झाकण निघत नाही, तो बिचारा लढणार कसा?" तुम्ही इतके खूश झालात की आईला वाटलं, तुमचं डोकं फिरलं. त्यानंतर संध्याकाळी ऑफिसातून आलात की मला समोर बसवून प्रश्न विचारायला लावायचात. मी ओरडायचे, "बाबा, यू नो धिस!" "येत नाही, म्हणून तर तुला बसवलंय," तुम्ही म्हणायचात. दुसऱ्या खेपेला पास झालात. पुढे मेडिकल की इंजिनिअरिंग हा विषय निघाला तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदाच, मला काय करायला आवडेल ते विचारलंत. त्यासाठी त्या शिकवणाऱ्या बाईंचे आभार मानायला हवे होते, ते राहूनच गेलं.

माझी चूक तुमच्याच घराण्यातली. परीक्षेत मी सॉफ्टवेअर बुटांसारखं मागितलं: सगळं पूर्ण करून, तपासून, एकदम आणून द्या. अर्धवट बूट कोण घेईल? पण हे अर्धवटच घ्यायचं असतं म्हणे. थोडं घ्यायचं, सैनिकाला वापरू द्यायचं, तो शिव्या घालेल त्या ऐकायच्या, मग पुढचं मागायचं. माझी मुलगी दूर बेलव्ह्यूला असंच सॉफ्टवेअर बनवायचं काम करते. तुम्ही गेलात तेव्हा ती बालवाडीत होती. नोकरी लागल्यापासून तिचे फोन दोन मिनिटांचे झाले होते: "आय अ‍ॅम फाइन, आई, बिझी आहे." नापास झाल्यावर मी तिलाच म्हटलं, शिकव मला. आता दर रविवारी ती तासभर शिकवते. "आई, इट्स नॉट अ बूट! ते कधी फिनिशच होत नाही," म्हणून करवादते, मग हसते, मग शिकवणं राहतं बाजूला आणि ऑफिसातलं, मैत्रिणींचं, कुणाशी बिनसलं त्याचं सांगत बसते. मी ऐकत राहते.

हे पत्र कुठे टाकणार, बाबा? वाचून ड्रॉवरमध्ये ठेवीन. फक्त तुम्हाला म्हणून सांगते, तिला सांगितलेलं नाही. तो धडा मला कधीचाच कळला आहे. परीक्षेला मी उद्यासुद्धा बसू शकते आणि पास होईन. काल तिने विचारलं, "रेडी आहेस ना, आई? तारीख घे ना आता." मी म्हटलं, नाही गं, अजून एकदा समजावून सांग.